माझ्याच गेमसाठी अकरा दिवस

भाचीला तो गेम दाखवायचं खूप दिवस मनात होतं. २००८ साली मी तो डब्यातला घेतला होता. डिस्क, छापील पुस्तिका आणि पुस्तिकेच्या मागच्या पानावर चिकटवलेली ‘की’, म्हणजे गेम अस्सल असल्याचा अक्षरं-आकड्यांचा कोड, सगळं जपून ठेवलेलं. डिस्कवर ओरखडासुद्धा नाही. अर्ध्या तासात खेळायला लागू, या भरवशावर तिला शेजारी बसवून घेतलं.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा मागून आणला होता. गेम इन्स्टॉल झाला आणि सुरू करताच निरोप आला, ‘मूळ डिस्क टाका.’ मूळ डिस्क आतच फिरत होती, तिचा आवाज येत होता. शोधाशोध केल्यावर समजलं, की त्या काळातलं कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे नकला रोखणारं कुलूप, डिस्कवरच्या फाइली पाहून थांबत नसे. डिस्कवर मुद्दाम ठेवलेल्या खुणा आणि त्या वाचायला लागणारा वेळ, हेही ते तपासायचं. ड्राइव्हने जरा वेगळ्या तऱ्हेने वाचलं, की अस्सल डिस्कही नकली ठरायची. संगणकावर व्हर्च्युअल ड्राइव्हचा, म्हणजे खऱ्या डिस्कशिवाय डिस्क असल्याचं भासवणारा, प्रोग्रॅम असला, तरी काही गेम उघडत नसत. माझ्याकडे तसा एक होता, कामासाठी ठेवलेला. तो काढला, दुसरा ड्राइव्ह आणला, तेव्हा कुठे डिस्क पटली. तोवर भाची झोपून गेली होती.

पुढे अ‍ॅक्टिव्हेशन. म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडून की तपासून घेणं. की टाकली, तर उत्तर आलं: या कीची मर्यादा संपली आहे.

मर्यादा तीनची. मी आठवून मोजलं. पहिलं अ‍ॅक्टिव्हेशन गेम विकत घेतला तेव्हा, दुसरं मदरबोर्ड बदलल्यावर, तिसरं हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकल्यावर. म्हणजे तिन्ही वेळा टेबलावरचा तोच संगणक. पण गेम संगणकाच्या भागांवरून त्याची ओळख ठरवून सर्व्हरला कळवतो. भाग बदलले, की सर्व्हरच्या लेखी ते नवं मशीन. जुन्या मशीनवरून अ‍ॅक्टिव्हेशन परत करायची सोय होती, पण त्यासाठी ते मशीन चालू हवं. माझं केव्हाच भंगारात गेलं होतं.

कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर साच्यातलं: गेम काढून पुन्हा टाकून पाहा. दुसऱ्यात बिल मागितलं. इतक्या वर्षांनी त्या बिलावरची शाई उडून कागद कोरा झाला होता, तरी मी त्याचा फोटो पाठवला. तिसऱ्या उत्तरात सांगितलं, की कीच्या शेजारी तक्रारीचा क्रमांक पेनाने लिहा आणि त्या पानाचा फोटो पाठवा. ती पुस्तिका मी कधी दुमडूनही ठेवली नव्हती. तिच्यावर शाईने आकडे लिहिताना खरंच वाईट वाटलं.

मधल्या काळात ओळखीच्या एकाने सांगितलं, की क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल, उतरवून घे, दोन मिनिटांत होईल. मी नको म्हटलं. कुठलीतरी अनोळखी फाइल लॅपटॉपवर चालवायची मला भीती वाटते. पण तो सल्ला चुकीचा होता, असं मला म्हणवत नाही. फुकट घेणाऱ्याला ना डिस्क लागली असती, ना की, ना बिल. हे कुलूप अडवत होतं ते मलाच.

चोरी होते, हे मला मान्य आहे. नव्या गेमची बरीच विक्री सुरुवातीच्या आठवड्यांत होते, त्या दिवसांत निर्मात्याला संरक्षण हवं असतं. पण एवढ्या वर्षांनंतर ते कुलूप कशासाठी? ‘बायोशॉक’ला २००७ साली अशीच मर्यादा होती, ती २००८ मध्ये काढून टाकली. ‘स्पोर’वर २००८ साली खरेदीदार भडकले, तेव्हा तीनच्या पाच झाल्या. म्हणजे मनात आणलं तर हे जमतं.

अकराव्या दिवशी मेल आला: तुमच्या कीवर आणखी एक अ‍ॅक्टिव्हेशन दिलं आहे. उत्तर देणारी व्यक्ती अगदी सौजन्याने बोलली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र सर्व्हर बंद झाला तर काय, या माझ्या प्रश्नाला त्या मेलमध्ये उत्तर नव्हतं. हा प्रश्न हवेतला नाही. २०२४ च्या मार्चअखेर ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही गेम गेला. कॅलिफोर्नियात आता, जानेवारी २०२५ पासून, अशी डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला फक्त वापराचा परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. माझ्या डब्यावर तसं ठळकपणे कुठेच लिहिलेलं नाही, मी भिंग घेऊन पाहिलं. आता मी शक्यतो जीओजीसारख्या गेम विकणाऱ्या वेबसाइटवरून घेते. तिथली इन्स्टॉलर फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, आणि एकट्याने खेळायचे गेम कुणाला न विचारता चालतात.

गेम सुरू झाला. भाचीला आवडला, रोज संध्याकाळी तासभर खेळते. लॅपटॉप हल्ली फार मंद झाला आहे, फॉरमॅट करायला हवा. पण तिचा खेळ अजून अर्ध्यावर आहे, आणि अ‍ॅक्टिव्हेशन ते एकच होतं. मी फॉरमॅट पुढे ढकलते आहे.