गुलबक्षीचे शिंतोडे

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या जुलैत एका दुपारी तृतीय वर्षाला 'चल डीएनए', म्हणजे जागा बदलू शकणारे डीएनएचे तुकडे, हा भाग घ्यायचा होता, स्लाइड तयार होत्या. परंतु पावसामुळे वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला आणि वर्गात फळाही दिसेना, तेव्हा सगळ्यांना घेऊन मी मागच्या व्हरांड्यात आले. तिथे चिऱ्याच्या गडग्याला लागून प्रयोगशाळेतल्या मावशींनी गुलबक्षी लावली आहे. चार वाजत आले होते आणि कळ्या उमलू लागल्या होत्या.

फुले पिवळी, पण प्रत्येकावर लाल शिंतोडे होते: एकावर सुईच्या टोकाएवढे बिंदू, दुसऱ्यावर देठाकडून कडेपर्यंत गेलेला पट्टा, तिसरे तर निम्मे पिवळे, निम्मे लाल. लाल रंगाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला की ते जनुक बंद पडते आणि फूल पिवळे होते. वाढत्या कळीतल्या एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून गेला की त्या पेशीची सारी संतती पुन्हा लाल होते. लवकर उठला तर पट्टा, उशिरा उठला तर ठिपका. मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात हीच गोष्ट ओळखली होती. त्यांना नोबेल मिळायला १९८३ उजाडले.

एवढ्यात, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मिरकरवाड्याची, मासेमारांच्या वस्तीतली, एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपल्या मेंदूतही असे शिंतोडे असतील का?"

मी क्षणभर थांबले, कारण तिच्या हातातल्या वहीत मीच मागच्या आठवड्यात लिहून दिलेले वाक्य होते: मानवी जनुकसंचयाचा (पेशीतल्या सगळ्या डीएनएचा) जवळजवळ ४५ टक्के भाग अशा तुकड्यांचा असून तो बहुतांशी निरुपयोगी आहे. अशा डीएनएसाठी जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओनो यांनी १९७२ मध्ये वापरलेला 'कचरा' हा शब्द मी वर्षानुवर्षे जरा जास्तच ठामपणे सांगत आले होते.

असतात, असे मी तिला सांगितले. आपल्यात लाइन-१ नावाच्या तुकड्याच्या सुमारे पाच लाख प्रती आहेत. बहुतेक मोडक्या आहेत, शंभराच्या आसपास अजून हलू शकतात. गुलबक्षीतला तुकडा जागा सोडून जातो, हा मात्र मूळ जागी राहून आरएनएमार्फत आपली नक्कल दुसरीकडे बसवतो. मेंदू घडत असताना मज्जापेशींच्या पूर्वपेशींत हे घडू शकते, हे उंदरांवरील प्रयोगांतून २००५ मध्ये दिसले. एकाच मेंदूतल्या दोन शेजारी पेशींचा डीएनए त्यामुळे किंचित वेगळा असू शकतो. त्या वेगळेपणाचा मेंदूला उपयोग होतो की तो नुसता अपघात आहे, हे मात्र अजून ठरलेले नाही.

"पण मग 'निरुपयोगी' खोडायचे का?" तिने वही पुढे केली. मासेमाराच्या घरातल्या मुलीला माशाचेच उदाहरण द्यावे म्हणून मी सीलाकँथचे नाव घेतले. नामशेष समजला गेलेला हा मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात सापडला होता. त्याच्या डीएनएत ज्या चल तुकड्याच्या भरपूर प्रती आहेत, त्याचीच एक जुनी प्रत माणसात आयएसएल१ या जनुकापासून बऱ्याच अंतरावर टिकून आहे, आणि हे जनुक मज्जापेशी घडवण्यात महत्त्वाचे आहे. ती मानवी प्रत एका रंगद्योतक जनुकाला (चालू झाले की रंग दाखवणाऱ्या) जोडून उंदराच्या भ्रूणात घातली, तेव्हा आयएसएल१ जिथे जिथे जागे होते त्यांतल्या अनेक ठिकाणी रंग उमटला. मूळचा उपरा तुकडा उत्क्रांतीत दिव्याचे बटण होऊन बसला, असे हे २००६ मधले संशोधन सांगते. म्हणून 'निरुपयोगी' खोडून 'उपयोग अजून न सापडलेला' लिहायला सांगितले. 'बहुतांशी' मात्र राहू दिले, कारण उरलेल्या लाखो प्रतींच्या बाबतीत ओनो चुकले असे म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता.

"आणि एका पेशीत शिंतोडे किती?"

इथे माझी खरी पंचाईत झाली. २०१२ मध्ये एका गटाने माणसाच्या मज्जापेशीमागे सरासरी एकाहूनही कमी नव्या नकला मोजल्या. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींत तेरा-चौदा सांगितल्या आणि त्या मोजणीच्या पद्धतीवर लगेच आक्षेप आले.

"पेपरात काय लिहू?"

दोन्ही आकडे लिही आणि ते का जुळत नाहीत तेही लिही, असे मी म्हणाले. तिने मान डोलावली. पेपर दुसऱ्या महाविद्यालयातल्या कोणी तपासला तर काय, हे तिने विचारले नाही. ते माझ्या डोक्यात घरी गेल्यावर आले.