जाताना आठ तास, येताना सहा

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ अंतर किती असं सर्च केलं की सुमारे साडेपाच हजार किलोमीटर येतं, आणि त्याच्याखाली ‘विमानप्रवास ७ तास’. हे सात तास कुठून काढतात देव जाणे, मला ते ना जाताना भेटले ना येताना.

जाताना तिकिटावर आठ तासांच्या आसपास वेळ होती. त्यात नुसता हवेतला वेळ नसतो, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचं सगळं धरतात, म्हणजे रनवेच्या रांगेत रेंगाळणंसुद्धा. वर गेल्यावर समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून बसले आणि तिथेच वैतागले. वेग ताशी ७७० किलोमीटरच्या पुढे जाईना. आमची रेघ सरळ जायची सोडून वर ग्रीनलंडच्या टोकाकडे झुकलेली. शेजारच्या आजी दर अर्ध्या तासाने वाकून बघायच्या, "अगं, हे सरकतंय का नाही?"

"सरकतंय आजी, समोरून वारा आहे."

"मग जरा खालून न्यावं ना, खाली कमी असेल वारा!"

आजींचं लॉजिक चुकीचं नव्हतं हो! पण खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं, म्हणून विमानं वरच राहतात. नेमका तिथेच जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. त्यामुळे अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा बघून नव्याने आखतात, जाणाऱ्यांनी वारा चुकवायचा, येणाऱ्यांनी त्यावर स्वार व्हायचं. आजींना एवढं सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या "बरं" आणि झोपून गेल्या.

न्यूयॉर्कबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, माझे पाय दुखले एवढंच सांगते.

येताना तोच वारा पाठीशी, स्क्रीनवर ११०० च्या वर आकडा, आणि सगळे खूश. मी सोडून! रात्री निघालेलं विमान, जेवण येऊन ट्रे उचलेपर्यंत दोन तास गेले, दिवे बंद झाले, डोळा लागतोय तोवर दिवे चालू आणि नाश्ता! त्यात घड्याळ पाच तास पुढे, म्हणजे शरीराच्या हिशोबाने मध्यरात्री ऑम्लेट खायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक बोइंग ७४७ विमान याच मार्गावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं, त्यातल्या लोकांनी झोपायचं कधी? आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाने १९९६ मध्ये तीन तासांच्या आत हे अंतर कापलं ते वेगळं, त्यात झोपायला कोण बसत असेल.

लवकर पोचून फायदाही काही नाही. सकाळी हीथ्रोला विमानांची गर्दी, मग शहराच्या बाजूला एकावर एक थर लावून घिरट्या. वैमानिक आनंदाने सांगतोय आपण वेळेआधी आलोय, आणि खिडकीतून तेच शेत परत परत दिसतंय.

न्यूयॉर्कहून लंडनला दिवसाची विमानंही असतात, थोडीच आहेत, सकाळी निघून रात्री पोचतात. पुढच्या वेळी पहाटे उठावं लागलं तरी मी तेच घेणार.