आमची वाटचाल: घाटाखालचं गॅरेज

२५ वर्षांपूर्वी शिरपूरबाहेर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, कडुनिंबाखाली आम्ही जॅक, पान्यांची पेटी आणि एक खाट मांडली. पाटी होती ‘टायर पंक्चर’. ब्रेकचं काम आम्ही शोधलं नाही, बिजासन घाटानं ते दारात आणलं. इंदूरकडचा भरलेला ट्रक घाट उतरतो, पळासनेर ओलांडतो आणि जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या पट्टीचा, वास घेऊन आमच्यापाशी थांबतो.

तेव्हा आमच्याकडे एकच औषध होतं, स्लॅक, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा दांडा, आवळणं. “भाऊ, ब्रेक लागस नही,” असं ड्रायव्हर म्हणाला की चाकाखाली शिरायचं, पाना फिरवायचा, पैसे घ्यायचे. चोपड्याची केळी भरलेल्या एका गाडीची सगळी स्लॅक मी इतकी कसली की लायनर ड्रमला घासतच राहिले. सेंधव्याच्या अलीकडे धूर निघाला. क्लीनरनं घाबरून पाणी ओतलं आणि तापलेल्या ड्रमला तडा गेला. ड्रमचे पैसे मी भरले. केळीवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ते अंतर आपोआप राखणारी ऑटो स्लॅक आलीत. ती सारखी हातानं कसावी लागत असतील तर दुखणं भलतीकडेच असतं: लायनर ढकलणाऱ्या कॅमची बुश झिजलेली, लायनर संपलेले किंवा स्लॅकच मेलेलं. म्हणून आमच्याकडे पाना शेवटी निघतो. चाकांना दगड लावायचे, पार्किंग ब्रेक सोडायचा, ब्रेक हवेवर चालतात म्हणून टँकमध्ये हवा ८ बारच्या आसपास भरायची, इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. पॅडलला पाय न लावता हवेच्या दाबाचा काटा उतरला तर टँक, पाइप, व्हॉल्व्ह बघायचे. पॅडल दाबल्यावरच उतरला तर बूस्टरचा, म्हणजे हवेनं ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा, रबरी डायफ्राम नाहीतर चाकाकडचा होज. मग साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा जागा दाखवतो. टँकच्या कॉकमधून पाणी आलं तर हवा सुकवणारा ड्रायर बघायचा, तेल आलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून लायनर मागणाऱ्याला आधी चाक उघडून दाखवतो. हबचं सील गळून लायनर ग्रीसनं माखले असतील तर नवेही तसेच होणार. आणि एकाच चाकाचे लायनर आम्ही बदलत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मागच्या स्प्रिंगवाल्या बूस्टरला तर बोल्टनं स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय पोरांना हात लावू देत नाही. ती सुटली तर माणूस मारते.

जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गाकडेच्या हॉटेलात घुसला, माणसं गेली. तेव्हापासून बिल देताना मी प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, येताना घाट कोणत्या गिअरमध्ये उतरणार? अजूनही कुणीतरी हसून सांगतो, “न्यूट्रल, डिझेल वाचतं.” त्याची चावी माझ्याकडेच राहते. चहा सांगतो आणि त्याला खाटेवर बसवतो.