जूनमधली गिऱ्हाइकं

माझी शिफ्ट संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, दुकानं उघडत असतात. २०२० च्या जूनमध्ये ऑफिस बंद होतं. कंपनीने टेम्पोतून पाठवलेला डेस्कटॉप आमच्या धायरीच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडला होता, कारण नेट तिथेच नीट यायचं. अमेरिकेतल्या छोट्या दुकानदारांचे कार्डाने आलेले पैसे त्यांच्या बँकेत पोचवणाऱ्या कंपनीचा सपोर्ट आम्ही करायचो. पैसे अडकले की ते आम्हाला फोन करत.

त्या रात्रीचा फोन फिलाडेल्फियाहून होता. पुस्तकांचं दुकान, मालकीण कृष्णवर्णीय, वयाने माझ्या आईएवढ्या असाव्यात. सहा दिवस त्यांचे पैसे होल्डवर होते, म्हणजे आमच्या कंपनीने रोखून ठेवले होते. त्याआधी तीनदा फोन करून झाला होता आणि तिन्ही वेळा त्यांना एकच ठरावीक उत्तर मिळालं होतं: ‘तुमचं खातं तपासणीखाली आहे.’ तरी आवाज अगदी शांत. मी म्हटलं, “मॅम, तुम्ही चिडलात तर मी समजू शकते.” त्या म्हणाल्या, “मी आवाज चढवला की लोक फोन ठेवून देतात, हनी. म्हणून मी चढवत नाही.”

मी खातं उघडलं. मे महिन्यापर्यंत दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरी. २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, देशभर लोक रस्त्यावर आले आणि कृष्णवर्णीय मालकांच्या दुकानांच्या याद्या फोनाफोनी फिरू लागल्या. ‘यांच्याकडूनच घ्या.’ जूनच्या पहिल्या आठवड्यात या बाईंकडे अडीच हजारांवर ऑर्डरी आल्या, आणि जवळजवळ सगळ्या वंशभेदावरच्या त्याच आठ-दहा पुस्तकांच्या. प्रकाशकांकडचा साठा संपला, छपाई पुन्हा सुरू झाली, आणि माल यायला कित्येक आठवडे लागणार हे कळलं.

दहा दिवसांनी मेल यायला लागले: पुस्तक कुठे आहे? मग काहींनी बँकेत तक्रार टाकली, ‘माल मिळाला नाही.’ याला आम्ही डिस्प्युट म्हणतो. डिस्प्युट पडला की ती रक्कम लगेच दुकानदाराच्या खात्यातून वजा होते, वर दंडासारखी फी, आणि पुरावा ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर पैसे कायमचे गेले. त्यांच्यावर एकेचाळीस डिस्प्युट होते. आमच्या यंत्रणेला दिसलं ते एवढंच: अचानक वाढलेली विक्री, न गेलेला माल, तक्रारी. चोरटं दुकानही अगदी असंच दिसतं. म्हणून होल्ड. वितरकाचं बिल भरायला पैसे नाहीत, बिल भरल्याशिवाय माल नाही, माल नाही म्हणून आणखी तक्रारी.

मी टीमलीडला चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, ठरलेला मजकूर पाठव आणि कॉल संपव. आम्हाला कॉलमागे नऊ मिनिटं मिळायची. पण मला फोनमध्ये मागून सारखा एक आवाज येत होता, चर्रर्र, चर्रर्र. मी विचारलं. “चिकटपट्टी,” त्या म्हणाल्या. चर्चमधली सात-आठ माणसं मास्क लावून, लांब लांब बसून, आलेली पुस्तकं पॅक करत होती. पगार नाही. एक निवृत्त पोस्टमन पत्ते लावून देत होते. एप्रिलमध्ये छोट्या धंद्यांसाठी सरकारी कर्जाचे ३४९ अब्ज डॉलर तेरा दिवसांत संपले, तेव्हा बँकेने बाईंचा फोनही उचलला नव्हता. ही माणसं मात्र तेव्हाही दारात किराणा ठेवून गेली होती. पुढे मी वाचलं की याच शहरात १७८७ साली रिचर्ड ॲलन आणि अब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली होती. सभासदाने महिन्याला चांदीचा एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून गरजूंना, विधवांना मदत. ती चिकटपट्टी इतक्या लांबून चालत आली होती.

आणि मला बार्शीचं आमचं दुकान आठवलं. शाळा उघडताना बालभारतीची सगळी पुस्तकं एकदम कधीच यायची नाहीत. अण्णा आगाऊ पैसे घेऊन लाल वहीत नाव लिहायचे आणि दारात पाटी लावायचे: ‘सातवीचं गणित अजून आलेलं नाही. आलं की निरोप देऊ. थांबायचं नसेल तर पैसे आत्ता परत मिळतील.’ शेवटची ओळ वाचली की बहुतेक लोक पैसे मागायचेच नाहीत.

मी त्यांना ही पाटी सांगितली. फोनवरच आम्ही तिचा मेल केला: कोणतं पुस्तक, छपाई कधी, पैसे हवे असतील तर एक ओळ लिहा. परतावा होल्डमधल्या रकमेतून जाऊ शकतो, हे मी तपासून घेतलं. ज्यांनी बँकेत डिस्प्युट टाकलाय त्यांना मात्र वेगळा परतावा देऊ नका, नाहीतर पैसे दोनदा जातील, हेही बजावलं. मग वितरकाची बिलं, साठा संपल्याचे प्रकाशकांचे मेल, पाठवलेल्या पार्सलांचे ट्रॅकिंग नंबर, एकेका डिस्प्युटला एकेक जोडत गेलो. कॉल एक तास बावन्न मिनिटं चालला. होल्डचा निर्णय घेणाऱ्या रिस्क टीमला मी चिठ्ठी लिहिली की हा घोटाळा नाही, ही गर्दी आहे, आणि ती कुठून आली ते २५ मेनंतरच्या बातम्यांत आहे.

कॉलचे गुण कापले गेले. ते कापायला नको होते, असं मी तेव्हा लेखी कळवलं, आजही तेच म्हणेन. माणसाचा धंदा बुडत असताना नऊ मिनिटं ही सेवा होत नाही.

तिसऱ्या दिवशी अर्धे पैसे सुटले, महिनाअखेर उरलेले. बऱ्याच जणांनी डिस्प्युट मागे घेतले, काहींनी नाही घेतले. बाईंनी तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या ऑनलाइन नोंदीवर, लिहिलं होतं, “तुझ्या वडिलांना सांग, पाटी चालली.” अण्णांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “वहीत नावं नीट लिहिली ना त्यांनी?”

ऑक्टोबरात त्यांचं खातं पुन्हा माझ्यासमोर आलं, पत्ता बदलायच्या साध्या कामासाठी. डिस्प्युट शून्य. ऑर्डरी दिवसाला बावीस.