आमची वाटचाल: इंजिनाच्या कास्टिंगपासून घावनाच्या तव्यापर्यंत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेले पंपाचे, इंजिनाचे भाग लेथवर लावून द्यायचे, हे वडिलांपासूनचं काम. लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी आटल्या. तेव्हा ओळखीच्या फाउंड्रीवाल्याकडून चाळीस तवे ओतून घेतले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तेच; फक्त गिऱ्हाईक स्वयंपाकघरातलं.

पहिला लॉट फसला. वाळूच्या साच्यातून निघालेल्या तव्यावर नुसता ग्राइंडर फिरवला होता. सासूबाई मालवणच्या. तव्यावरून तळहात फिरवून म्हणाल्या, "ह्या तव्यार घावणो सुटाचो नाय." नाहीच सुटला. तांदळाचं पातळ पीठ त्या खरखरीत खळग्यांत रुतून बसलं, उलथनं लावलं तर चिंध्या. मग एकेक तवा लेथवर चढवून तोंड मारलं, म्हणजे वरचा खरखरीत थर कापून सपाट केला. पुढच्या लॉटला अति केलं, पार आरसा! त्यावर तेलाचा थरच धरेना, पापुद्रे निघायला लागले. आता बोटाला जेमतेम जाणवेल एवढी रेघ ठेवतो.

मापाचं म्हणाल तर बारा इंची तव्याचा हट्ट बहुतेकांनी सोडावा. बीड उष्णता हळू पसरवतं. घरच्या लहान बर्नरवर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. दहा इंची घ्या, मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या.

क्रेपने, म्हणजे फ्रेंच पातळ धिरड्याने, मात्र आमची खरी जिरवली. पुण्याहून एका काकूंचा फोन आला, नातीला चॉकलेट लावलेले क्रेप हवे होते. मी म्हटलं, घावनासारखंच तर आहे, आणि दहा इंची तवा पाठवून दिला. आठ दिवसांत परत. "अहो दादा, मनगट गेलं माझं! हा फिरवायचा कसा?"

बरोबर होतं त्यांचं. घावनाचं पीठ आपण कडेपासून ओतत आत येतो, आंबोळी पळीच्या बुडाने पसरतो. तवा जागचा हलत नाही. घरच्या क्रेपला मैदा, अंडं, दुधाचं पीठ मधोमध टाकतात आणि पॅनच गोल कलता करतात. अडीच किलोचं बीड कोण फिरवणार? त्याला पातळ पोलादी पत्र्याचा, बुटक्या उतरत्या कडेचा, लांब दांड्याचा पॅन हवा. तो आम्ही बनवत नाही, तसं सांगून टाकतो. निर्लेपही चालतो, हलका असतो. फक्त रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. 260 अंश सेल्सिअसच्या पुढे लेप बिघडायला लागतो.

बीडच हवं असेल तर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताची तऱ्हा आहे. तिथला 'बिलिग' म्हणजे मोठा, सपाट, बिनकाठाचा बिडाचा तवा. तो हलवत नाहीत. 'रोझेल' नावाच्या टी आकाराच्या लाकडी दांडीने पीठ गोल ओढतात. तशी दांडी आम्ही सुताराकडून करून घेतली. पहिल्या दहा क्रेपांचे नकाशे झाले, अकरावा जमला.

काकूंचा तवा पुन्हा विकला नाही. तो शॉपमध्येच आहे, शनिवारी पोरं त्यावर ऑम्लेट करतात.