बर्ड फ्लू आणि बुटांना लागलेली घाण

बर्ड फ्लूची बातमी आली की लोकांचा पहिला राग निघतो तळ्यावरच्या बदकांवर, हाकला त्यांना, मारून टाका. मलाही आधी तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण आता जगभर फिरतोय त्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या व्हायरसचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमध्ये सापडला तो पाळीव हंसात. पाळीव! बदकांमध्ये सौम्य व्हायरस असतोच, त्यातले एच५ आणि एच७ हे प्रकार कोंबड्यांच्या गर्दीत शिरले की जहाल होऊ शकतात. मग तोच जहाल व्हायरस आपण रानपक्ष्यांना परत दिला, आणि २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई तलावावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकदंब हंस सगळ्यात जास्त.

कोंबड्यांच्या शेडमध्ये बदक स्वतः क्वचितच येतं हो, त्याची विष्ठा येते, बुटांना, गाडीच्या चाकांना, अंड्यांच्या ट्रेला चिकटून. थंड पाण्यात हा व्हायरस कित्येक दिवस तग धरतो. म्हणून बाहेरचे बूट बाहेर, आतले गमबूट वेगळे, एवढा एक नियम पाळला तरी खूप फरक पडतो. दारात जंतुनाशकाचा ट्रे असतो पण त्यात चिखल साचलेला, तसाच पाय बुडवून लोक आत जातात, त्याचा काही उपयोग नाही, आधी ब्रशने घाण काढा मग औषध.

आणि लागण झालीच तर सगळा कळप मारावा लागतो, ऐकायला भयंकर वाटतं पण नाहीतर व्हायरस शेजारच्या शेडमध्ये पोचलाच समजा. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ माणसांना बर्ड फ्लू झाला, ६ दगावली, तेव्हा तिथल्या सगळ्या कोंबड्या मारल्या. फक्त नुकसानभरपाई वेळेवर द्या, नाहीतर मेलेल्या कोंबड्या गुपचूप पुरल्या जातात आणि बाकीच्या घाईघाईत विकल्या जातात, मग बसा शोधत.

रानपक्ष्यांचं मात्र काय करणार? गोळ्या घातल्या तर उरलेले उडून दुसऱ्या तळ्यावर जातात, रोगासकट. हातात एवढंच की मेलेले पक्षी गिधाडं-घारींनी खायच्या आत ग्लोव्हज-मास्क घालून उचलायचे, तिथे माणसांची ये-जा थांबवायची, दाणे टाकून पक्ष्यांची गर्दी जमवायची नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर नावाची गिधाडं बर्ड फ्लूने मेली, २१. जंगलात मोकळे उरलेलेच जेमतेम साडेतीनशे. तेव्हा लोकांनी त्यांना एकेक पकडून लस टोचली. कोट्यवधी बदकांना कोण टोचणार?