तांबूस पाणी आणि न दिसणारं शिसं

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आलो त्या वर्षी एका सकाळी नळाला गंजाच्या रंगाचं पाणी आलं. लेक दीड वर्षाची. घाबरून शेजारच्या आजोबांचं दार वाजवलं. पाणीपुरवठ्याच्या विहिरी आणि पंप सांभाळण्यातच त्यांची सगळी नोकरी झाली होती. "हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचे रस्त्यावरचे नळ, उघडून जलवाहिन्या धुताहेत, थंड पाणी थोडा वेळ सोडून ठेवा, निवळेल," ते म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या घरात येणारा पाइप कशाचा आहे?"

तळघरात मीटरपाशी त्यांनी किल्लीनं पाइप हलकेच खरवडला. चांदीसारखी चकाकी दिसली, लोहचुंबक चिकटेना. शिसं होतं! इथे नवे शिशाचे पाइप टाकायला 1986 च्या कायद्यानं बंदी आली, पण आमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं.

खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून लोह आणि मँगनीज त्यात विरघळून असतात, दिसत नाहीत. हवा किंवा क्लोरीन लागलं की त्यांचे कण होतात, वाहिन्यांच्या तळाशी बसतात आणि प्रवाहाचा वेग बदलला की उसळून वर येतात. तांबडं, काळपट पाणी ते हेच. शिशाला मात्र रंग नाही, चव नाही, वास नाही. आणि उकळून ते जात नाही.

मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीनं. रंगाच्या तक्रारी थांबवण्यासाठी काही ठिकाणी पाण्यात पॉलिफॉस्फेट घालतात. ते लोह-मँगनीजला धरून ठेवतं, पाणी नितळ दिसतं. पण तेच रसायन शिशालाही धरून पाण्यात ओढू शकतं. शिसं रोखणारं ऑर्थोफॉस्फेट वेगळं, ते पाइपच्या आतून न विरघळणारा थर धरतं. नावं सारखी, कामं उलटी! म्हणून लोह आणि मँगनीज विहिरीपाशीच गाळून काढणं मला जास्त पटतं. भूजलात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल, तर पाण्यात हवा खेळवून तो उडवतात, म्हणजे आम्लपणा कमी होतो आणि पाइपमधलं शिसंही कमी विरघळतं. पाणी जड असेल तर मात्र हे जपून करावं लागतं, नाहीतर वाहिन्यांत चुन्याचे थर साचतात.

1991 मध्ये अमेरिकाभर नियम आला: सहा तास न वापरलेल्या नळाचं पहिलं एक लिटर पाणी तपासायचं, आणि दहा टक्क्यांहून जास्त नमुन्यांत लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसं आढळलं तर उपाय करायचे. विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसन शहरानं शिसं रोखणारं फॉस्फेट नाकारलं. तिथली तळी आधीच शेवाळानं त्रासलेली, त्यात शेवाळाला पोसणारा आणखी फॉस्फरस कशाला? 2001 पासून त्यांनी पाइपच उपटायला घेतले आणि साधारण दहा-अकरा वर्षांत सुमारे 8,000 बदलले. घरमालकाच्या हद्दीतला तुकडासुद्धा. हे फार महत्त्वाचं, कारण अर्धाच पाइप बदलला तर उरलेला हलून काही काळ उलट जास्त शिसं सोडतो.

आमचाही पाइप रस्त्यापासून घरापर्यंत अख्खा बदलला. काम संपल्यावर नळांच्या जाळ्या काढून पाणी बराच वेळ सोडलं. एका जाळीत करडे, वाळूसारखे कण अडकले होते. त्याच नळाचं पाणी रोज लेकीच्या दुधात जायचं.